दोन मीटरचा ग्लायडर, ६० ग्रॅम शिसं आणि जागेवर राहिलेला हुक

हा रेडिओवर चालवायचा, बिनइंजिनाचा मॉडेल ग्लायडर. दोन मीटर पंखपसाऱ्याचा, बाल्साच्या हलक्या लाकडाचा, किटमधून बांधलेला. चॅनेल दोनच, रडर (उभ्या शेपटाचा हलता भाग, डावी-उजवीकडे वळवणारा) आणि एलिव्हेटर (आडव्या शेपटाचा हलता भाग, नाक वर-खाली करणारा). हाताने फेकून घेतलेल्या शेवटच्या चाचण्यांत तो सरळ आणि शांत उतरत होता. त्याच दिवशी त्याला हाय-स्टार्टवर, म्हणजे रबरी नळी आणि दोर ताणून वर चढवण्याच्या साधनावर, लावलं. हातातून सुटल्यावर दोन-तीन सेकंदांत त्याने नाक जवळजवळ उभं केलं, डावा पंख टाकला आणि उजव्या रडरला न जुमानता तो जमिनीत गेला. डाव्या पंखाचा स्पार, म्हणजे आतला लांब कणा, मोडला. नंतर रिसीव्हर, सर्व्हो (रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटारी), बॅटरी, पुशरॉड (सर्व्होची हालचाल शेपटापर्यंत नेणारे दांडे) सगळं तपासलं, सगळं ठीक होतं. बिघाड आडव्या शेपटाच्या बैठकीत होता, आणि बैठक घासली गेली होती त्याला दोन आठवडे उलटून गेले होते. अपघात मात्र त्या बिघाडामुळे थेट झाला नाही, त्याच्यावर केलेल्या इलाजामुळे झाला. म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडण्यासारखं आहे.

ग्लायडरची मापं

पंखाचे मधले दोन भाग प्रत्येकी ६०० मिमी लांब आणि एकसारखे २०० मिमी रुंद. टोकाचे दोन भाग प्रत्येकी ४०० मिमी, २०० वरून १३० मिमीपर्यंत निमुळते होत गेलेले, पुढची कड शेवटपर्यंत सरळ. एकूण क्षेत्रफळ ३७.२ चौरस डेसिमीटर. छेद क्लार्क वाय, म्हणजे सपाट पोटाचा. आडवं शेपूट ५०० × ११२ मिमी, त्यातला मागचा ३२ मिमीचा पट्टा एलिव्हेटर. उडण्याच्या तयारीत वजन ८१० ग्रॅम. त्यात नाकातली चार सेलची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी सुमारे ११० ग्रॅमची आणि तिच्या पुढे ३५ ग्रॅम शिसं. पंख पुढे एका खुंटीवर आणि मागे दोन नायलॉनच्या बोल्टांवर बसतो.

आराखड्यातले तीन आकडे पुढे पुन्हा पुन्हा लागतील. सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, पंखाच्या पुढच्या कडेपासून ६५ मिमीवर. टो-हुक, म्हणजे दोर अडकवायचा पोटाखालचा आकडा, ५५ मिमीवर, म्हणजे सीजीच्या १० मिमी पुढे. आणि पंख व आडवं शेपूट यांच्यातला कोनफरक, ज्याला डेकलाज म्हणतात, २ अंश. हा शेवटचा आकडा वाचताना पुष्कळांची गल्लत होते. कोन मोजतात तो जीवेचा, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या कडेपर्यंतच्या सरळ रेषेचा. क्लार्क वायची जीवा तिच्या सपाट पोटाशी साधारण २ अंश करते. त्यामुळे या ग्लायडरमध्ये २ अंश कोनफरक म्हणजे पंखाचं पोट आणि आडवं शेपूट एकमेकांना समांतर. पोटालाच आणखी २ अंश दिले की प्रत्यक्षात ४ होतात आणि ग्लायडर पहिल्याच फेकीत गोते खातो.

पहिल्या फेकी

गवताळ मैदान, वारा जवळजवळ पडलेला, फेक समोर क्षितिजाकडे, सपाट. या वजनाचा ग्लायडर सेकंदाला ७ ते ७.५ मीटरने नीट तरंगतो आणि ६ च्या आसपास स्टॉल होतो, म्हणजे पंखाची उचल सुटून नाक पडतं. मधलं अंतर सेकंदाला जेमतेम एक-दीड मीटरचं. फेक हळू पडली तरी नाक पडतं, जोरात पडली तरी ग्लायडर वर चढून मग नाक टाकतो. म्हणून एका फेकीवरून निदान करायचं नाही, किमान चार-पाच फेकी एकसारख्या व्हाव्या लागतात.

इथे त्या झाल्या, आणि सगळ्यांत एकच चाल दिसली. सात-आठ मीटर गेल्यावर नाक हळूहळू वर, वेग मरतो, नाक पडतं, वेग येतो, पुन्हा नाक वर. लाटेसारखं. बांधणाऱ्याने सीजी बोटांवर तोलून पाहिला होता. बॅटरी, कॅनॉपी, सगळं जागेवर ठेवून तो ६५ मिमीवरच आला होता. पण नाक वर जातंय म्हणजे शेपूट जड, हा समज इतका पक्का असतो की त्याने स्वतःच्या मापावर शंका घेतली आणि नाकात शिसं भरायला सुरुवात केली. पंधरा-पंधरा ग्रॅमचे चार तुकडे. प्रत्येक तुकड्यागणिक लाट बसत गेली, चौथ्यानंतर नाहीशी झाली. सीजी पुन्हा मोजला नाही. धडावर ६५ ची खूण होती, ती तशीच राहिली.

लाट दिसली की प्रश्न दोन असतात आणि दोन्हींची लक्षणं वेगळी असतात. शेपूट खरंच जड असेल तर ग्लायडर एलिव्हेटरला नको इतका चटकन वळतो, एकदा नाक खाली गेलं की आपणहून वर येत नाही, उलट आणखी खाली जातो. लाट एका तालात येत नाही. कोन जास्त असेल तर लाट घड्याळासारखी नियमित असते, ग्लायडर प्रत्येक वेळी आपणहून नाक उचलतो, नको तितकं उचलतो. इथे दुसरा प्रकार होता. ओळखायला शिसं लागत नाही. ट्रान्समीटरवर एलिव्हेटरचा ट्रिम, म्हणजे स्टिक मध्यावर असतानाची त्याची जागा, दोन-तीन टिचक्या खाली देऊन पुन्हा फेकायचं. त्यात लाट बसली तर प्रश्न कोनाचा आहे. सीजी मोजून बरोबर आला असेल तर आधी ट्रिम, शिशाचा डबा नंतर.

शिशाने काम झालं ते का

नाकातलं शिसं सीजीपासून सुमारे ३५० मिमी पुढे बसतं. ६० ग्रॅम तिथे घातले की एकूण वजन ८७० होतं आणि सीजी ६० × ३५० ÷ ८७०, म्हणजे २४ मिमी पुढे सरकतो. ६५ चा ४१ होतो. हा आकडा अपघातानंतर दोन बोटांवर तोलून खरा ठरला.

आता ग्लायडरवर दोन ओढी काम करत होत्या. जास्तीच्या कोनामुळे आडवं शेपूट सतत खाली दाबत होतं, त्यामुळे नाक वर जात होतं. पुढचं शिसं नाक खाली ओढत होतं. सेकंदाला सात-साडेसात मीटरच्या आसपास या दोन ओढी एकमेकींना बरोबर तोलत होत्या, म्हणून हाताने फेकल्यावर सगळं आलबेल दिसलं. पण शेपटाचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो आणि शिसं मात्र ६० ग्रॅमचं ६० ग्रॅमच राहतं. वेग ७.५ वरून १२ वर गेला की शेपटाचा दाब अडीच पटीच्या वर जातो. तेव्हा नाकाला खाली धरून ठेवणारं काही उरत नाही. हाय-स्टार्टवर वेग असाच वाढतो.

नेहमीच्या हातफेकीत ही चूक कधीच दिसली नसती, कारण तिथे वेग एकच असतो. म्हणून नुसत्या हातफेकीवर भरवसा ठेवून दोर लावू नये. त्याआधी फेकीत एकदा मुद्दाम थोडा जास्त वेग देऊन, नाक किंचित खाली ठेवून पाहावं. ग्लायडर लगेच आभाळाकडे निघाला तर तिथेच थांबावं.

हुक मागे पडला

खरं नुकसान इथे झालं. हुक लाकडी तुकड्यात पिळून बसवलेला, ५५ मिमीवर. आराखड्याप्रमाणे तो सीजीच्या १० मिमी पुढे होता. सीजी ४१ वर गेल्यावर तोच हुक सीजीच्या १४ मिमी मागे पडला. त्याला कोणी हात लावला नव्हता, त्यामुळे तो बरोबर आहे असंच वाटत राहिलं.

हुक सीजीच्या पुढे असताना दोर नाकाला आपल्या दिशेने ओढून ठेवतो. दोरीने गाडी पुढून ओढली की ती सरळ येते, तसं. ग्लायडर डावीकडे भरकटला तर दोरच त्याचं नाक परत आणतो, आणि चढ तीव्र झाला की खाली जाणारी ओढ नाक थोडं आवरते. हुक मागे गेला की हे सगळं उलटतं. खालची ओढ सीजीच्या मागे लागते, म्हणून चढ जितका तीव्र होतो तितकं नाक आणखी वर जातं. ग्लायडर बाजूला वळला तर दोर त्याला आणखी वळवतो. या ओढीपुढे रडर दुबळं पडतं. डावा पंख पडला आणि उजवं रडर देऊनही काही झालं नाही, ते यामुळेच. रेडिओवर घेतलेला संशय तिथे चुकीचा होता.

ओढही जास्त होती. हाय-स्टार्ट ३० मीटर रबरी नळी आणि १२० मीटर दोराचा, स्प्रिंगच्या काट्यावर ३ किलो ओढ येईपर्यंत ताणलेला. ग्लायडरच्या वजनाच्या साडेतीन पटीच्या जवळ. नीट जमलेल्या ग्लायडरला ही ओढ चालते, पण पहिल्या उड्डाणाला वजनाच्या दुपटीपेक्षा जास्त घेऊ नये. १.५ किलोवर हाच ग्लायडर बहुधा लंगडत वर जाऊन चूक दाखवून परत आला असता.

कोन मोजण्याची पद्धत

मोडका पंख बाजूला ठेवण्याआधी धडावर बसवून मापं घेतली. सपाट टेबल, धड खाली ठोकळ्यांवर टेकवलेलं. पंखाच्या पोटाला मध्याजवळ एक सरळ पट्टी दाबून धरायची आणि टेबलापासून तिची उंची २०० मिमी अंतरावरच्या दोन ठिकाणी गुण्याने मोजायची. धड इतकं वरखाली करायचं की दोन्ही उंच्या सारख्या येतील. म्हणजे पोट टेबलाला समांतर झालं. मग आडव्या शेपटाची पुढची आणि मागची कड मोजायची.

पुढची कड मागच्या कडेपेक्षा ३ मिमी खाली निघाली. ११२ मिमी रुंदीवर १ अंशाला सुमारे २ मिमी पडतात, म्हणजे शेपूट दीड अंश उणं बसलं होतं. आराखड्याचे २ आणि हे १.५, मिळून साडेतीन अंश. दोन-तीन वेळा मोजा, कारण अर्ध्या मिलिमीटरची चूक इथे पाव अंश होते.

हे ३ मिमी आले कुठून? आडवं शेपूट चिकटवताना मागून पाहिलं तेव्हा ते पंखाच्या तुलनेत एका बाजूला कललेलं दिसलं, म्हणून बैठक पॉलिश पेपरच्या ठोकळ्याने घासली. डावं-उजवं बरोबर झालं. पण बैठकीच्या मागे उभ्या शेपटाचा खांब असतो. ठोकळा त्याला अडतो आणि हात नकळत पुढच्या बाजूला जास्त घासतो. तिथून सुमारे २ मिमी गेले. मागच्या टोकाला आधी चिकटवलेली १ मिमी प्लायची चकती तशीच राहिली, तिने मागची कड उचलून धरली. वरून फिल्म, म्हणजे उष्णतेने ताणून बसणारं प्लास्टिकचं पातळ आवरण, चढवल्यावर यातलं काहीच दिसत नाही. बैठक घासताना दर चार-पाच हातांनी शेपूट तिथे नुसतं ठेवून पुढून-मागून उंची घेतली तर हे टळतं. इपॉक्सी लागल्यावर वेळ गेलेली असते.

पंखाची दुरुस्ती

स्पार डाव्या मधल्या भागाच्या टोकाजवळ, जिथे पंख वर वळतो त्या सांध्याच्या ४० मिमी आत, मोडला होता. धडाच्या मध्यापासून सुमारे ५६० मिमीवर. वरची ३ मिमी जाडीची स्प्रूसची पट्टी कापसासारखी फुटलेली, खालची ताणून तुटलेली, दोघींमधली बाल्साची उभी भिंत चिरलेली.

फुटलेला भाग कापून टाकला. नवी पट्टी जोडताना दोन्ही टोकं तिरकी तासली, जाडीच्या दहा पट, म्हणजे ३० मिमीचा उतार. काटकोनात कापून समोरासमोर चिकटवलेला सांधा पहिल्याच ओढीत सुटतो, त्याच्या नादी लागू नये. इपॉक्सी तीस मिनिटांची वापरली. पाच मिनिटांची तिरक्या सांध्यात मुरायच्या आत घट्ट होते. उभी भिंत २ मिमी बाल्साची, रेषा उभ्या ठेवून. रेषा आडव्या लावल्या तर ती भिंत नावापुरती उरते. तुटीच्या दोन्ही बाजूंना स्पारच्या पुढे-मागे १.५ मिमी प्लायचे, १०० मिमी लांबीचे तुकडे बसवले. ते वाळेपर्यंत मधला भाग टेबलावर वजनाखाली आणि टोकाखाली उजव्या बाजूच्या मापाचाच ठोकळा.

फिल्म पुन्हा चढवल्यावर डाव्या टोकाला पीळ आला. मागची कड उजव्यापेक्षा २ मिमी वर होती. मागून पाहिलं तर दोन्ही टोकं वेगळी दिसत. टोक हाताने उलट दिशेला थोडं जास्त पिळून धरलं, फिल्मवर हॉट एअर गन फिरवली आणि थंड होईपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, सोडलं नाही. दोन वेळा केल्यावर फरक अर्ध्या मिमीच्या आत आला.

दुरुस्तीने डावा पंख १४ ग्रॅमनी जड झाला, तुटीच्या दोन्ही बाजूंनी, मध्यापासून सरासरी ५६० मिमीवर. उजव्या टोकाला ९८० मिमीवर ८ ग्रॅम लागतात, ते टोकाच्या ठोकळ्यात भोक पाडून बसवले. दोन बोटांवर धडाची लांबी धरून तोलल्यावर कोणताही पंख पडला नाही.

पुन्हा जुळवणी

कोन सुधारायला तीन वाटा होत्या. शेपूट कापून नव्याने चिकटवणं, एलिव्हेटर कायमचा खाली ठेवणं, किंवा पंखाच्या मागच्या कडेखाली पाचर घालणं. शेपूट कापायचं म्हणजे धडाचं मागचं नाजूक टोक फोडणं, शिवाय डागडुजीचं वजन शेपटाशी पडतं आणि त्याच्या दोन-तीन पट शिसं पुढे लागतं. एलिव्हेटर अडीच अंशांच्या आसपास, म्हणजे मागच्या कडेला सुमारे दीड मिमी, खाली ठेवला असता तर उड्डाण बरोबर झालं असतं, हे खरं आहे. पण मग शून्याची खूणच राहत नाही, आणि नंतरच्या ट्रिममधून काय कशामुळे बदललं ते वाचता येत नाही.

पाचर निवडली. २०० मिमी जीवेवर १ अंशाला साडेतीन मिमी पडतात, म्हणून ५ मिमी प्लायची पाचर, बोल्टांसाठी भोकं पाडून, बैठकीला चिकटवली. नायलॉनचे बोल्ट ५ मिमी लांब घ्यावे लागले. पुढच्या खुंटीचं भोक किंचित वरखाली घासलं, नाहीतर खुंटी कोनात अडकते आणि पंख पुढे पूर्ण बसत नाही. आता पंखाचं पोट आणि शेपूट समांतर आले.

जादा ६० ग्रॅम काढून टाकले. वजन ८३५ ग्रॅम, सीजी ६५, हुक ५५. एलिव्हेटरची चाल वर-खाली ८ मिमी, रडरची दोन्हीकडे ३० मिमी. पहिल्या फेकीआधी ग्लायडरच्या मागे उभं राहून स्टिक आणि पृष्ठभागांची दिशा पाहिली, आणि ट्रान्समीटरच्या कमी शक्तीच्या मोडवर तीस पावलांवरून पल्ला तपासला.

हातफेकीत लाट नाही, सरळ तरंगणं, २५ मीटरच्या आसपास. जोरात फेकून पाहिलं, तेव्हाही नाक थोडंच उचललं. मग दोर, १.५ किलोवर. पंख सपाट, नाक थोडं वर, फेक ठाम, एलिव्हेटर मध्यावर. चढ सरळ. तीन फेऱ्यांनंतर ओढ २.५ किलो.

उंचीवरून तपासणी

दोराने ८० मीटरच्या वर नेल्यावर डाइव्ह टेस्ट घेता येते. आधी सरळ, शांत तरंगण्याला ट्रिम करायचं. मग नाक ३० अंशांपेक्षा थोडं जास्त खाली घालायचं, दोन सेकंदांनी स्टिक मध्यावर सोडायची. हळूहळू वर आला तर ठीक. झटक्यात वर आला तर नाक जड. आहे त्याच कोनात खाली जात राहिला तर सीजी मागच्या हद्दीशी आहे. आणखी खाली वळला तर सीजी मागे गेला आहे. मात्र पुशरॉड लवचिक असेल तर वेगात हवा एलिव्हेटर ढकलते आणि ग्लायडर खोटंच शेपूट-जड वागतो. आधी एलिव्हेटर बोटाने दाबून पाहावा, सर्व्हो चालू असताना तो हलता कामा नये.

६५ वर तो थोडा झटक्यात वर येत होता. पाच-पाच ग्रॅम शिसं काढत नेलं. दर पाच ग्रॅमला सीजी सुमारे २ मिमी मागे जातो, आणि दर वेळी एलिव्हेटर पुन्हा ट्रिम करायचा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. १५ ग्रॅम काढल्यावर सीजी ७१ वर आला आणि नाक हळूहळू वर येऊ लागलं. आणखी १० काढून ७५ करून पाहिला, तेव्हा ग्लायडर डाइव्हमध्ये तसाच राहिला. वर येणाऱ्या हवेत वळताना त्याला सतत सांभाळावं लागत होतं. ते १० परत घातले.

या वेळी हुक विसरला नाही. सीजी ७१ झाल्यावर ५५ वरचा हुक १६ मिमी पुढे पडत होता. त्याने अपघात होत नाही, पण चढ सपाट होतो आणि उंची कमी मिळते. जुना पिळलेला हुक काढून त्याचं भोक बुजवलं. तिथे लांबट खाचेची धातूची पट्टी दोन स्क्रूंनी बसवली, हुक तीत पुढे-मागे सरकतो. तो ६० वर घट्ट केला.

सरकत्या हुकासमोर धडाच्या पोटावर चिकटपट्टी आहे. पेन्सिलने तिच्यावर लिहिलंय: सीजी ७१, हुक ६०, पाचर ५, शिसं २०, एलिव्हेटर १ मिमी खाली. शिशाचा एक तुकडाही हलला की पहिले दोन आकडे खोडून नव्याने मोजायचे, दोर त्यानंतरच ताणायचा.